पेनिसिमानी मोजून जेवू लागतो

सिस्टर एलेनोआने पेनिसिमानीच्या बोटाला सुई टोचली, यंत्रातला आकडा वाचला आणि चष्मा काढून पुसला. चष्मा घालून तिने आकडा पुन्हा वाचला. मग ती त्याच्याकडे ज्या नजरेने पाहू लागली, त्या नजरेने आपल्याकडे शेवटचं कोणी पाहिलं होतं हे त्याला लगेच आठवलं. त्याच्या शाळेतल्या हेडमास्तरीणबाईंनी.

"काल संध्याकाळी काय जेवलात?" सिस्टरने विचारलं.

ज्याने अर्धा जन्म सरकारी कचेरीत काढला आहे, त्याला नेमक्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायचं नसतं एवढं कळतं. "थोडं चिकन," तो म्हणाला.

"थोडं म्हणजे?"

"सगळ्यांच्या वाट्याला येईल इतपत."

"घरात कोण कोण असतं?"

"मी आणि कालो. मुलगी ऑकलंडला शिकते."

सिस्टरने ते लिहून घेतलं. भिंतीवर पपई हातात धरून हसणाऱ्या एका सडपातळ माणसाचं चित्र होतं, पेनिसिमानी त्याच्याकडे पाहत राहिला. हा माणूस कोणत्या बेटावरचा असावा याचा त्याला अंदाज येईना. टोंगात तरी इतका सडपातळ माणूस कुणी हसताना पाहिला नव्हता.

"तुमच्या थोरल्या भावाच्या पायाचं ड्रेसिंग मीच करायचे," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "पाय होता तोवर. तुमचं मला करायला लावू नका."

यावर विनोद करण्यासारखं काही नव्हतं. पेनिसिमानीनेही केला नाही. सिस्टरने दिलेलं पपईवाल्या माणसाचंच एक पत्रक त्याने चौकोनी घडी घालून खिशात ठेवलं. पत्रकाचं नाव होतं 'घाईच्या माणसासाठी वीस मिनिटांत घरचं जेवण'.

घाईच्या बाबतीत पत्रक लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पेनिसिमानी बंदरावरच्या कचेरीत होड्यांच्या नोंदणीचं काम पाहायचा. कालो बँकेत होती. दोघं दमूनभागून घरी यायची, आणि येताना वाटेवरच्या दुकानातून तळलेल्या चिकनचा खोका आणायची. खोका नसला तर नूडल्सचं पाकीट, आणि नूडल्स अगदीच ओकीबोकी दिसू नयेत म्हणून वर डब्यातलं कॉर्न्ड बीफ. कालो त्याला स्वयंपाक म्हणायची, कारण डबा उघडायला चावी फिरवावी लागे आणि त्यात एकदा तिचं बोट कापलं होतं.

त्या संध्याकाळी पेनिसिमानीने जाहीर केलं की यापुढे शनिवारी तो स्वतः आठवड्याचा स्वयंपाक करणार, छोट्या छोट्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवणार, आणि रोज एकेक डबा फक्त गरम करायचा.

"तू?" कालो म्हणाली.

नवऱ्याच्या आयुष्यातल्या एका मोठ्या निर्णयावर बायकोने एका अक्षरात अभिप्राय द्यावा, हे त्याला लागलं. पण त्याने ते मनावर घेतलं नाही. फक्त एक अट घातली, शुगरचं लुपे आत्याला कळता कामा नये. थोरल्याचा पाय गेला तेव्हा आत्याने जे अंथरूण धरलं होतं, ते पुढच्या ईस्टरला सोडलं होतं. वडिलांची सख्खी बहीण. घरातलं सगळ्यात मोठं माणूस. तिला पुन्हा तसं निजलेलं पाहायची त्याची हिंमत नव्हती.

शनिवारी सकाळी तो बाजारात गेला. अळूच्या पानांची मोठी जुडी, पेलेची पालेभाजी, कच्ची केळी, पपया आणि एक कुपा मासा घेऊन परतला, तेव्हा कुंपणापलीकडे शेजारचा मोआला डुकरांना कोंडा घालत होता.

"पाहुणे येणार आहेत?" मोआलाने विचारलं.

"नाही."

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही."

"मग एवढा पाला?"

पेनिसिमानीने, शेजाऱ्याला कळेल एवढ्या सोप्या शब्दांत, तब्येतीला हलकं जेवण कसं चांगलं असतं ते सांगितलं. मोआलाने कोंड्याची बादली खाली ठेवली. सल्ला देताना हातात काही नसलं तर तो जास्त वजनदार होतो असं त्याचं मत असावं.

"शुगर असेल ना," तो म्हणाला, "तर नारळाचं घट्ट दूध घे. पोटात वंगण होतं. शुगर आत चिकटत नाही, सरळ खाली सरकते. माझ्या मेव्हण्याने सहा महिने घेतलं."

"बरा झाला?"

"वारला. पण ते झाडावरून पडून."

पत्रकात ज्याला वीस मिनिटं म्हटलं होतं, ती वीस मिनिटं सकाळी सुरू झाली आणि सूर्य खाली उतरला तरी संपली नव्हती. पेलेतली वाळू जायला भाजी किती वेळा धुवावी लागते, माशाचे खवले न्हाणीघराच्या आरशापर्यंत कसे पोचतात, सगळ्यात मोठ्या पातेल्याचं झाकण ऐन वेळी कुठे जातं, आणि ते शोधताना बायकोने दारात उभं राहून किती वेळ नुसतं पाहत राहावं, यातलं काही पत्रकात नव्हतं. तिन्हीसांजेला त्याने अळूची पानं मासा घालून चढवली. तोवर तो इतका टेकीला आला होता, की निदान या एका पदार्थाच्या बाबतीत तरी पत्रकाचा मान राखावा म्हणून त्याने घड्याळ लावलं आणि बरोबर वीस मिनिटांनी पातेलं उतरवलं.

ज्यांनी कधी अळू शिजवलं आहे, त्यांच्या काळजात इथे धस्स झालं असेल. पेनिसिमानीच्या झालं नाही. आजवर त्याने अळूची पानं रविवारच्या भट्टीतूनच खाल्ली होती. तापलेल्या दगडांवर, मातीखाली, सबंध प्रार्थना होईपर्यंत शिजलेली. पानांना एवढा वेळ पाद्रीबुवांच्या प्रवचनामुळे लागतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

रविवारी चर्च सुटल्यावर रीतीप्रमाणे सगळी मंडळी लुपे आत्याकडे जेवायला जायची. भट्टीतलं डुक्कर, रताळी, नारळाच्या दुधातले मटणाचे चरबीचे तुकडे. पेनिसिमानीने डोकं दुखण्याची सबब सांगितली आणि दोघं घरी आली. कपडेसुद्धा न बदलता, काळी लुंगी आणि तिच्यावर चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली विणीची चटई तशीच ठेवून, त्याने पहिला डबा उघडला. प्रार्थना झाली. दोघांनी भरपूर खाल्लं. नाही म्हटलं तरी चव वाईट नव्हती.

आधी कालोने खाकरल्यासारखं केलं. मग पेनिसिमानीने. मग दोघांच्या घशात कुणीतरी बारीक सुया पेरल्यासारखं झालं. कालोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पेनिसिमानीने पाण्याचा पेला उचलला. पाण्याने सुया ओल्या झाल्या, एवढाच फरक पडला. त्याने "अळू" असं म्हणायचा प्रयत्न केला. आवाज फुटला नाही.

नेमक्या त्याच वेळी लुपे आत्या डोकेदुखीची चौकशी करायला, हातात जेवणाची टोपली घेऊन दारात उभी राहिली.

आत्या भारदस्त होती आणि सगळंच सावकाश करायची. तिने आधी टेबलाकडे पाहिलं, तिथे हाताच्या पंज्याएवढ्या डब्यात हिरवा पाला होता. मग भाच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे. दोघंही रविवारच्या कपड्यांत, समोरासमोर बसून, आवाज न करता रडत होती.

"अरे पेनी," ती म्हणाली.

पेनिसिमानीने मान हलवली. त्याला 'तसं काही नाही' म्हणायचं होतं. आत्याला वाटलं तो 'आता सोसवत नाही' म्हणतोय.

मग तिने फ्रिज उघडला. भाच्याच्या घरातलं काहीही उघडायचा, उचलायचा आणि घेऊन जायचा तिला हक्कच होता, त्यात विचारायचं काय. आत डबे ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर कालोच्या बँकेतल्या सुवाच्य अक्षरात सोमवार, मंगळवार, बुधवार.

"मोजून ठेवलंय," आत्या कुजबुजली. "माझ्या भावाच्या घरात जेवण मोजून ठेवलंय."

ती खुर्चीत बसली. पदर नसल्यामुळे तिने तोंडाला टोपलीवरचं फडकं लावलं. नंतर ती टोपली तशीच टेबलावर ठेवून, दोघांच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली. संध्याकाळी पेनिसिमानीचा आवाज परत आला तेव्हा ही बातमी चर्चच्या बायकांच्या गानमंडळात सर्व सुरांत पोचली होती.

तो धावत आत्याकडे गेला. "आत्या, आमचं सगळं ठीक आहे. तब्येतीसाठी थोडं कमी खातोय, इतकंच."

"हो हो," आत्या म्हणाली. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. "लहानपणीही असाच होतास. भूक लागली की म्हणायचास, पोट दुखतंय. जेव."

आत्याने जेव म्हटल्यावर जेवायचं असतं. तो जेवला.

सोमवारी त्याने पानं पुन्हा चांगली शिजवली, डबा भरला आणि कचेरीत नेला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि सवयीने, जसं आपण सगळेच म्हणतो तसं, समोरून जाणाऱ्यांना म्हणाला, "या जेवायला." एरवी लोक हसून पुढे जातात. त्या दिवशी आख्खं नोंदणी खातं जवळ आलं. प्रत्येकाने एकेक चिमूट पाला उचलून तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश चावला आणि पेनिसिमानीच्या खांद्यावर हात ठेवला. डबा संपला. थोड्या वेळाने शिपाई तळलेल्या चिकनचा खोका घेऊन आला. कुणी मागवला ते कुणी सांगेना. सगळे आपापल्या कागदांत डोकं घालून बसले होते आणि तिरप्या नजरेने तो खातो की नाही ते पाहत होते.

न खावं तर इतक्या चांगल्या माणसांचा अपमान. पेनिसिमानीने एक तुकडा खाल्ला. सगळ्या खात्याने सुटकेचा श्वास सोडला. मग त्याने आणखी तीन खाल्ले, कारण चिकन गरम होतं आणि तोही माणूसच होता.

चार वाजता मुख्य अधिकारी वाइओलेती बाईंनी त्याला आत बोलावलं. त्या लुपे आत्याच्या शेजारच्या बाकावर गायच्या.

"घरी काही अडचण आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई."

"अडचणीतला माणूस असंच म्हणतो."

"आणि अडचण नसलेला काय म्हणतो बाई?"

बाईंना हा प्रश्न उद्धट वाटला की दुःखाने आलेला वाटला, कळलं नाही. त्या म्हणाल्या, "मी कर्मचारी कल्याण समितीची बैठक बोलावते आहे."

कल्याण समितीचा सचिव पेनिसिमानी स्वतः होता. त्यामुळे बैठकीला त्याला हजर राहावं लागलं. पण विषय त्याचाच असल्यामुळे चर्चेच्या वेळी बाहेर बसावं लागलं. आणि मग, सचिव असल्यामुळे, आत येऊन आपल्याबद्दल काय ठरलं ते इतिवृत्तात लिहावं लागलं. 'सदर कर्मचाऱ्याची परिस्थिती हलाखीची असल्याचे समितीच्या निदर्शनास आले,' असं बाई सांगत गेल्या आणि तो आपल्याच हाताने लिहीत गेला. 'हलाखीची' हा शब्द लिहिताना पेन अडलं. शेजारच्या सभासदाने हळूच स्वतःचं पेन पुढे केलं आणि त्याला तेही ठेवून घ्यायला सांगितलं.

हलाखीच्या यादीत लागलेलं हे नाव काढून कसं टाकायचं, असं त्याने विचारलं. बाईंनी नियम पाहिला. एकदा नाव लागलं की वस्तीचा सरकारी कारभार पाहणाऱ्या मुखत्याराने घरी येऊन पाहणी करायची, आणि हलाखी नसल्याचा दाखला द्यायचा. दाखला आला की नाव आपोआप निघतं. पेनिसिमानीला हायसं वाटलं. मुखत्यार सेमिसी त्याच्या ओळखीचा होता, समजूतदार होता, आणि घरात काय आहे काय नाही ते तो डोळ्यांनी पाहणार होता.

सेमिसी बुधवारी संध्याकाळी आला. नेमका जेवणाच्या वेळी. टेबलावर उकडलेली कच्ची केळी, वाफवलेली पेलेची भाजी आणि माशाचा एक तुकडा होता. तुकड्याचे कालोने दोन भाग केले होते.

"या जेवायला," पेनिसिमानी उत्साहाने म्हणाला. "बघा, सगळं आहे."

सेमिसीने सगळं पाहिलं. मग त्याने टोपी काढली आणि छातीशी धरली.

"सेमिसी, हे आम्ही मुद्दाम करतो," कालो म्हणाली. बँकेत चिडलेल्या माणसांना समजावायचा तिला सराव होता. "फ्रीझर बघा, मी पगारदार आहे, हा पगारदार आहे."

"वहिनी, माझ्यापुढे काही लपवायची गरज नाही," सेमिसी म्हणाला. "मीही एकदा घर बांधायला काढलं होतं."

माशाला त्याने हात लावला नाही. दाखल्यावर त्याने काय लिहिलं ते दुसऱ्या दिवशी कचेरीत कळलं. हलाखी खरी आहे. कुटुंब मानी आहे. पाहुण्यालाही जेवायला बोलावतं. या शेवटच्या वाक्यावर वाइओलेती बाईंचे डोळे भरून आले. पेनिसिमानीला मात्र आता ह्यातून सुटका नाही हे दिसू लागलं. रात्री त्याने कालोला विचारलं की आपण खरंच गरीब तर नाही ना. कालोने बँकेचं पुस्तक काढून दाखवलं नाही; ती फक्त दिवा मालवून कुशीवर वळली.

पुढच्या रविवारी पाद्रीबुवांनी प्रवचनाच्या शेवटी, नाव न घेता, "आपल्यातल्या एका घरासाठी" प्रार्थना केली. नाव घ्यायची गरज नव्हती, कारण सगळं चर्च मागे वळून तिसऱ्या बाकाकडे पाहत होतं. कालोने पंख्याने तोंड झाकलं. पेनिसिमानीने समोरच्या बाकाच्या लाकडातल्या गाठी मोजल्या.

आणि मग जेवण येऊ लागलं.

आधी गोठवलेल्या चिकनच्या तंगड्यांचं खोकं आलं. मग मटणाच्या चरबीची पिशवी, मग कॉर्न्ड बीफचे डबे. एवढे, की त्यांची स्वयंपाकघरात भिंत उभी राहिली. पाव आले. गानमंडळाने डुकराचं एक जिवंत पिल्लू पाठवलं, गळ्यात लाल फीत बांधून. ते परत पाठवणं तर सोडाच, दारात उभं राहून "कशाला" म्हणणंसुद्धा शक्य नव्हतं. दिलेलं अन्न नाकारणारा माणूस या बेटांवर अजून जन्मायचा आहे, आणि त्याची आई त्याला जन्माला घालायला तयार होणार नाही. फ्रिज भरला, फ्रीझर भरला. कालोने आठवड्याचे डबे बाहेर काढले आणि पेनिसिमानी ते मोआलाच्या फ्रिजमध्ये ठेवायला घेऊन गेला.

दोन दिवसांनी तो डबे आणायला गेला. मोआलाने धुतलेले रिकामे डबे परत दिले.

"आतलं काय झालं?"

"डुकरांना घातलं," मोआला म्हणाला. "तुला विचारायला हवं होतं का? मला वाटलं, त्यांच्यासाठीच केलंयस. पण एक सांगतो, तुकतुकीत दिसायला लागलीत. काय काय घालतोस त्यात?"

 कुंपणापाशी उभं राहून पेनिसिमानीने तुकतुकीत डुकरांकडे पाहिलं. आपल्या हाताने शिजवलेलं अन्न खाऊन या भूतलावर कुणाची तरी प्रकृती सुधारली होती, पण त्याचा उपयोग ख्रिसमसपर्यंतच होता.

घरात आता फक्त आलेलं अन्न होतं, आणि ते वाया घालवणं हे पाप. त्या आठवड्यात पेनिसिमानीने चिकनच्या तंगड्या खाल्ल्या, मटणाची चरबी खाल्ली, कालोने बँकेतून फोन करून "संपलं का?" विचारलं तेव्हा कॉर्न्ड बीफ खाल्लं. रोज संध्याकाळी त्याला घाम यायचा आणि तहान लागायची. पाय धुताना तो एकेक बोट वेगळं करून पाहायचा. एकदा कालोने ते दारातून पाहिलं. ती खाली बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि स्वतः पाहू लागली. 

"आता एकच उपाय," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांना जेवायला बोलाव. आपण खाऊ घालू शकतो हे लोकांना दिसू दे. मग तोंडं बंद होतील."

तिचं बरोबर होतं. शिवाय घेतलेलं परत न करता राहणं शक्यही नव्हतं. पेनिसिमानीने मंडप घातला. थोडं थोडं मोजून खायचं ठरवलेल्या माणसाच्या अंगणात भट्ट्या पेटल्या, लाल फीतवालं पिल्लू आणि मोआलाची तुकतुकीत डुकरं त्यात गेली. मेजं इतकी लांब झाली की दोन टोकांची माणसं एकमेकांना ओळखेनात. सेमिसी आला, वाइओलेती बाई आल्या, सगळं नोंदणी खातं आलं, गानमंडळ आलं. मधोमध, सगळ्यात उंच चटयांवर, लुपे आत्या बसली.

जेवणाआधी पेनिसिमानी बोलायला उठला. भाषण त्याने पाठ केलं होतं, पण उभं राहिल्यावर त्यातलं एकही वाक्य आठवेना. इतकी माणसं, इतकं अन्न, आणि सगळे त्याच्याकडे मायेने पाहत होते.

"आम्ही गरीब नाही," तो म्हणाला. "आम्ही कधीच नव्हतो. मला शुगर आहे. खूप वाढली आहे. थोरल्याला झालं तसं होऊ नये म्हणून मी मोजून खात होतो. ते डबे त्यासाठी होते. आत्या, तुम्हाला कळू नये म्हणून मी सांगितलं नाही. माझं चुकलं."

 भट्टीच्या बाजूला कुणीतरी खोकलं. मग सेमिसीने खाली मान घालून म्हटलं, "मलाही आहे." "मला पण," गानमंडळातून एक आवाज आला. वाइओलेती बाईंनी पर्स उघडून गोळ्यांची पट्टी दाखवली. शेजारचीने आपली दाखवली; ती दुसऱ्या रंगाची होती, त्यावर थोडी चर्चा झाली. कोणाच्या पायाला मुंग्या येतात, कुणाला अंधुक दिसतं, कोण कोणत्या सिस्टरकडे जातं. इतक्या वर्षांच्या ओळखी, आणि सगळे एकाच आजाराचे निघाले. पेनिसिमानीला वाटलं, आता काहीतरी होईल. आता लोक ताटं मागे सारतील.

मोआलाने डुकराच्या पाठीचा सगळ्यात चरबीचा, सगळ्यात मानाचा तुकडा कापला आणि पेनिसिमानीच्या पानावर ठेवला. "फार धीराने बोललास," तो म्हणाला. "घे."

सगळे थांबले होते. यजमानाने पहिला घास घेतल्याशिवाय कोण जेवणार? त्याने घास घेतला. मग सगळं मेज हलल्यासारखं लोक जेवू लागले.

लुपे आत्या मात्र दिवसभर एक शब्द बोलली नाही.  ती पुन्हा अंथरूण धरणार, हे पेनिसिमानीने गृहीत धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. टेकून बसली, बायबलच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"थोरल्याच्या आधीपासून," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, पोरं घाबरतील."

तो तिच्या पायाशी बसला.  मग आत्याने विचारलं, "ते तुझे डबे. चवीला कसे लागतात?"

त्या शनिवारी त्याने पुन्हा बाजार केला, अळू दोन तास शिजवलं, मासा वाफवला, केळी उकडली. आठवड्याचे डबे फ्रिजमध्ये लागले. रविवारी आत्या आली, तिने एक डबा तिथेच उघडून खाल्ला, मान डोलावली, आणि उरलेले सगळे टोपलीत भरले. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळे. तिचा हक्क होता, त्यात विचारायचं काय. जाताना त्यांच्यासाठी रीतीप्रमाणे भट्टीतलं डुक्कर आणि मटण ठेवून गेली, म्हणजे आठवडाभर त्यांची आबाळ नको.

पुढच्या शनिवारी त्याने दुप्पट केलं. आत्याने बहिणीसाठीही नेलं. पुढच्या शनिवारी तिप्पट. त्यातलं पाद्रीबुवांच्या घरी गेलं. कचेरीत नियमाप्रमाणे त्याचं नाव अजून हलाखीच्या यादीत होतं, कारण नवा दाखला द्यायला सेमिसीला वेळ नव्हता. शनिवारी दुपारी तो डबे न्यायला पेनिसिमानीकडे रांगेत उभा असायचा.

पावसाळा संपता संपता सिस्टर एलेनोआने दोघांना एकाच दिवशी बोलावलं. आधी आत्याचं बोट टोचलं. सिस्टरने आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला, आणि पहिल्यांदाच पेनिसिमानीने तिला हसताना पाहिलं.

"आजी, हे कसं केलंत? बायकांच्या बैठकीत येऊन सांगाल का?"

"सांगेन की," आत्या म्हणाली.

मग पेनिसिमानीचं बोट टोचलं. सिस्टरचं हसू गेलं. तिने चष्मा पुसलाही नाही. सरळ खाली वाकून त्याला चपला काढायला सांगितल्या आणि त्याची बोटं एकेक दाबून पाहू लागली. "इथे कळतंय? इथे?" अंगठ्यापाशी त्याला नीट कळत नव्हतं, आणि तसं तो म्हणाला.

"तुमच्या आत्याबाईंकडून काहीतरी शिका," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता. तेच वाईट होतं.

"करतो छान हो तो," आत्या काळजीने म्हणाली, "पण स्वतः खात नाही. पहिल्यापासून असाच."

सिस्टरने मान वर करून पेनिसिमानीकडे पाहिलं. ती उत्तराची वाट पाहत होती. पेनिसिमानीने तोंड उघडलं. पण आत्यासमोर आत्याविरुद्ध बोलायचं नसतं, आणि तिचा चेहरा इतका टवटवीत दिसत होता की बोलवलंही नसतं. त्याने तोंड मिटलं आणि तो चपला शोधू लागला.

आत्याने खुर्चीचे हात धरले आणि उठता उठता त्याला सांगितलं, "या शनिवारी मासा जरा जास्त घाल. सेमिसी कुरकुरत होता."